ऐंशी टक्के

शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये मी गेलो होतो बेंच व्हाइस वापरायला. पोराच्या सायकलचा ब्रॅकेट वाकला होता, तो सरळ करायचा होता, आणि माझ्या घरात हत्यारं म्हणजे एक हातोडी, एक पाना आणि आयकियाच्या फर्निचरबरोबर फुकट आलेल्या त्या वाकड्या किल्ल्या. शेजाऱ्याकडे मात्र अख्खं वर्कशॉप. विमानांच्या कारखान्यातून मशिनिस्ट म्हणून रिटायर झालेला माणूस, जन्म टेक्सासातला, आवाज मोठा आणि हात त्याहून मोठे. 2021 चा वसंत होता, म्हणजे फेब्रुवारीत इथे टेक्सासात वीज गेली आणि सगळे कुडकुडले त्याच्यानंतर थोड्याच दिवसांनी. मी ब्रॅकेट व्हाइसमध्ये धरून वाकवत होतो तर बाजूला टेबलावर राखाडी प्लॅस्टिकचं काहीतरी पडलेलं दिसलं. सहज उचललं. इतकं हलकं की हात अंदाजापेक्षा जास्तच वर गेला. पण मुठीत बसल्या बसल्या बोटांना आकार कळला, मेंदूला कळायच्या आधी. मी ते पटकन खाली ठेवलं. तो खो खो हसला आणि म्हणाला, "घाबरतोस काय, ते पिस्तूल नाहीये. 80 टक्के आहे फक्त."

ब्रॅकेट सरळ झाला, मी थँक्यू म्हणून घरी आलो, पण ते 80 टक्के काही डोक्यातून जाईना.

नंतर वाचत गेलो तसं कळलं की हे 80 टक्के कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही, ते धंद्यातलं नाव. अमेरिकेत 1968 चा गन कंट्रोल ॲक्ट आहे, त्याच्या हिशेबात पिस्तूल म्हणजे मुख्यतः त्याचा सांगाडा, ज्याला फ्रेम किंवा रिसीव्हर म्हणतात. नंबर त्याच्यावर. बाकीची नळी, स्प्रिंग, वरचा सरकणारा भाग वगैरे साधा माल, कुणीही घ्यावा. आता हा सांगाडाच जर थोडा अर्धवट ठेवला, चार भोकं पाडायची राहिली, थोडं प्लॅस्टिक काढायचं राहिलं, तर तो सांगाडा नाही, नुसता तुकडा, आणि तुकड्याला ना नंबर, ना घेणाऱ्याची बॅकग्राउंड चेक, म्हणजे त्याच्या नावावर गुन्हे वगैरे आहेत का याची तपासणी. क्रेडिट कार्ड टाका, खोका दारात. काही कंपन्या तर त्या खोक्यात भोकं कुठे पाडायची त्याचा साचा आणि ड्रिलची बिट्ससुद्धा घालायच्या. राहिलेलं काम गिऱ्हाइकाने घरी करायचं, आणि स्वतःसाठी घरी बंदूक बनवणं हे इथे आधीपासूनच कायदेशीर. म्हणजे कारखान्यात अर्धवट म्हणून गुन्हा नाही, घरात स्वतःसाठी म्हणून गुन्हा नाही, आणि मधल्यामध्ये एक पुरं पिस्तूल तयार, ज्याचा कुठेही पत्ता नाही. इथे त्याला घोस्ट गन म्हणतात.

मला यात सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू का, तर कारागिरी. आमच्या आप्पांचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ, एक मिलिंग, एक म्हातारं शेपर मशीन. जॉबवर्क करायचे. शाळेला सुट्टी लागली की मी तिथेच पडीक. कूलंटचा तो आंबूस वास, पायाखाली कुरकुरणारी लोखंडाची बर, आणि गुरुवारी सगळीकडे सामसूम कारण आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारची. खंडेनवमीला मशिनी धुऊन पुसून लेथच्या चकला झेंडूची माळ, व्हर्निअरला सुद्धा हळदकुंकू. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये सगळी पोरं कानशीने लोखंड घासून घासून रडकुंडीला आली होती आणि मी मात्र आरामात, कारण कानस कशी धरायची हे आप्पांनी सातवीतच शिकवलेलं. त्यामुळे 'थोडं घासायचं, चार भोकं पाडायची' हे वाचल्यावर लोकांना जे वाटत असेल ते मला वाटलं नाही. मला वाटलं, अरे, हे तर आपल्या हेल्परने चहा यायच्या आत केलं असतं.

एक प्रसंग आहे तिथलाच. मी नववी-दहावीत असेन. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस मोटारसायकलवरून आला. एमआयडीसीत दुपारी इतका स्वच्छ शर्ट म्हणजे एक तर सेल्स टॅक्सवाला नाही तर बँकवाला. याने खिशातून रुमाल काढला आणि त्यात गुंडाळलेली एक नळी. असे वीस-पंचवीस पीस पाहिजेत म्हणाला, ड्रॉइंग नाही, सँपलवरून करा, चलन नको, पैसे रोख. आप्पांनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरून आतून बघितली, व्हर्निअर लावलं, आणि विचारलं, "कशाला लागतं हे?" तो म्हणाला, पंपाचा पार्ट आहे, शेतीच्या. आप्पा म्हणाले, "असं होय. मग पाणी कुठनं जातं यातनं?" तो माणूस हसला, म्हणाला, शेठ तुम्ही जॉब करा की, पाण्याचं आम्ही बघतो. आप्पांनी नळी परत रुमालात ठेवली आणि सांगितलं, मशीन बंद आहे. मागे दोन्ही लेथ घरघरत होत्या.

संध्याकाळी टपरीवर कळलं की तो माणूस आणखी दोन-तीन शेडमध्ये जाऊन आला होता. एकाकडे स्प्रिंगची चौकशी, एकाकडे कसलीतरी पट्टी कापून मिळेल का म्हणून. एकेकट्याने बघितलं तर कुणाच्याच हातात काहीच नव्हतं. मी आप्पांना विचारलं, पोलिसात नाही सांगायचं का? तर म्हणाले, "काय सांगू? एक जण नळी घेऊन आला होता म्हणून?"

अमेरिकन सरकारची अडचण बरीचशी हीच होती, फक्त इथे माणूस रुमालातून आणत नव्हता, कंपनी कुरिअरने पाठवत होती.

पोलिसांना गुन्ह्याच्या तपासात सापडलेली अशी बिननंबरी पिस्तुलं 2017 साली साधारण 1,600 होती, 2021 ला 19,000 च्या वर गेली. (हे सापडलेल्यांचे आकडे, न सापडलेल्यांचे कोण सांगणार.) नंबर नसला की काय होतं हे समजायला तो असला की काय होतं ते बघावं लागतं. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग म्हणून गाव आहे, तिथे एटीएफ या खात्याचं ट्रेसिंग सेंटर. एटीएफ म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं बघणारं खातं. आपल्याला वाटतं तिथे कंप्युटरवर नंबर टाकला की मालकाचा फोटो येत असेल. तसलं काही नाही. बंदूकमालकांची देशभराची यादी बनवायलाच कायद्याने बंदी आहे, म्हणून तिथले लोक आधी कंपनीला विचारतात, कंपनी डीलरचं नाव सांगते, मग डीलरला फोन, आणि डीलरने दुकान बंद केलेलं असेल तर त्याच्या जुन्या वह्या खोक्यांतून नाही तर स्कॅन केलेल्या पानांतून शोधायच्या. आपल्या तलाठी ऑफिसात जुना फेरफार शोधतात तसलाच कारभार. पण निदान शोधायला धागा असतो. बिननंबरी पिस्तुलांचा माग काढून घेणाऱ्या माणसापर्यंत पोचण्याचं प्रमाण 2016 ते 2021 या काळात शंभरात एकसुद्धा नव्हतं.

आणि आकडे सोडा. 2019 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात सांता क्लारिटा गावच्या सॉगस हायस्कूलमध्ये एका मुलाने आपल्या सोळाव्या वाढदिवसाच्या दिवशी दप्तरातून पिस्तूल काढलं. दोन मुलं गेली, तिघं जखमी झाली, आणि शेवटची गोळी त्याने स्वतःला घातली. पिस्तूल किटमधून जुळवलेलं होतं. ही बातमी मी तेव्हा ऑफिसात वाचली होती आणि इतर अशा बातम्या वाचतो तशीच वाचून पुढे गेलो होतो. शेजाऱ्याच्या टेबलावरचा तो तुकडा हातात घेतल्यानंतर परत शोधून वाचली तेव्हा मात्र 'किट' या ठिकाणी अडकलो. आमचा पोरगा तेव्हा प्रायमरीत. त्यांच्या शाळेत लॉकडाउन ड्रिल असतं, म्हणजे बंदूकवाला शाळेत घुसला तर काय करायचं त्याचा सराव, दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचं. घरी येऊन तो कौतुकाने सांगायचा की आमचा वर्ग सगळ्यात शांत होता.

तर त्या एप्रिलमध्ये बायडेनने जाहीर केलं की घोस्ट गनवर नियम आणतो. शेजारी भडकला, मला कुंपणापलीकडून ऐकवलं, की संसदेत मतं नाहीत म्हणून हा माणूस पेनने कायदा करतोय. आता गंमत अशी की त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, बंदुकांवर काही पास होणं म्हणजे दुर्मीळच. मग राष्ट्राध्यक्षाच्या हातात काय उरतं, तर आपल्या खात्यांना सांगणं की बाबांनो, आहे त्याच जुन्या कायद्याचा अर्थ नीट लावा. वर्षभर मसुदा, लोकांच्या हरकती वगैरे होऊन 11 एप्रिल 2022 ला व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये बायडेनने किटचे भाग हातात धरून दाखवले आणि नियम आला, त्याच ऑगस्टपासून लागू. सगळा नियम शेकडो पानांचा आहे पण गाभा छोटा: जो तुकडा किंवा जे किट झटपट, फारसे कष्ट न घेता चालती बंदूक होऊ शकतं, ते बंदूकच समजायचं. म्हणजे विकणाऱ्याला लायसन्स लागणार, त्यावर नंबर लागणार, घेणाऱ्याची बॅकग्राउंड चेक होणार, नोंद राहणार. बस. घरी बंदूक बनवायला बंदी नाही, शेजाऱ्याच्या गॅरेजला कुलूप नाही. नुसतं विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये एक काउंटर आणून ठेवलं.

एवढ्यावरून जी काही कोर्टबाजी झाली! खटला उभा राहिला तो आमच्याच शेजारी फोर्ट वर्थच्या फेडरल कोर्टात, आणि तिथले जज रीड ओकॉनर यांनी 2023 च्या उन्हाळ्यात अख्खा नियमच रद्द केला. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्या रद्द करण्यालाच स्थगिती दिली. मग 8 ऑक्टोबर 2024 ला खरी सुनावणी. तिचं रेकॉर्डिंग मी गाडी चालवताना ऐकलं आणि टोलवेवर एकटाच हसत होतो. जस्टिस अलिटोंनी विचारलं, ओट्यावर अंडी, चिरलेला हॅम, सिमला मिरची, कांदा ठेवलाय, तर ते ऑम्लेट झालं का? सरकारी वकील प्रीलॉगर म्हणाल्या नाही, कारण त्याच वस्तूंचं दुसरंही काही होऊ शकतं. लगेच जस्टिस बॅरेट म्हणाल्या, आणि समजा तेच सगळं मोजून मापून एका खोक्यात, किट म्हणून मागवलं असेल तर? तर मात्र हो, उत्तर बदलेल. मला एकदम पटेल ब्रदर्स या इथल्या देशी किराणा दुकानातलं गुलाबजामचं पाकीट आठवलं. आत पांढरी पावडर, बाहेर पाकात डुंबणाऱ्या गुलाबजामांचा फोटो, आणि घरी आल्यावर बायको विचारते काय आणलंस, तर मी गुलाबजाम म्हणूनच सांगतो. त्या पावडरीचं पिठलं होत नाही.

26 मार्च 2025 ला निकाल आला, 7 विरुद्ध 2, नियम टिकला. लिहिला जस्टिस गोर्सच यांनी, जे काही बंदूकविरोधी म्हणून प्रसिद्ध नाहीत. त्यांनी 'बाय बिल्ड शूट' नावाचंच एक किट उदाहरणाला घेतलं, म्हणजे घ्या, जोडा, झाडा, कंपनीने खोक्यावरच उद्देश छापलेला. जेमतेम अर्ध्या तासाचं काम उरलंय म्हणून ते शस्त्र नाही असं कसं म्हणायचं, आयकियातून आणलेल्या न जोडलेल्या टेबलालाही लोक टेबलच म्हणतात की, असा एकूण सूर. आता त्यांनी हेही बजावलंय की नियम मुळातून बेकायदा आहे का एवढंच आम्ही बघितलं, प्रत्येक अर्धवट तुकड्याचा निवाडा यात नाही. म्हणजे किती अर्धवट म्हणजे पुरेसं अर्धवट, हे भांडण चालूच राहणार.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर आप्पांना सांगितलं. वर्कशॉप विकून आता बरीच वर्षं झाली, चिंचवडच्या फ्लॅटमध्ये असतात, ऐकायला कमी येतं पण मशीनचा विषय निघाला की बरोबर ऐकू येतं. सगळं ऐकून म्हणाले, "सँपल हातात घेतलं की कळतं कशाचं आहे ते. त्याला एवढं कोर्ट कशाला?" मी म्हटलं, आप्पा, इकडे दुकानदाराने कशाला पाहिजे म्हणून विचारायचं नसतं. तर ते म्हणाले, "मग कुणी विचारायचं?"

बरोबर आहे त्यांचं, पण आपल्याकडे विचारून काय मोठं झालं म्हणा. 1959 च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे लायसन्सशिवाय हत्यार बनवणं हाच गुन्हा, 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं ते जन्मठेप. 80 टक्के, 90 टक्के असली भानगडच नाही. तरीही पुण्याचा पेपर उघडा, आतल्या पानावर 'गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसांसह दोघांना अटक' हे वाक्य वर्षानुवर्षं तेच, फक्त नावं आणि पोलीस स्टेशन बदलतं. चोपड्याच्या पलीकडे हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातलं उमर्टी, ते नाव जळगाव-पुण्याच्या क्राइम रिपोर्टरांना पाठ आहे. नंबर तिथल्या मालावरही नसतो. तिकडे बंदी पूर्ण आणि पाळत अपुरी, इकडे मोकळीक पूर्ण आणि त्यातल्या एका फटीवर एवढी मारामारी. कुठलं बरं हे मला ठरवता येत नाही. पण एक फरक जाणवतो: गावठी कट्टा घेणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण चोरून काहीतरी करतोय. त्या हायस्कूलच्या मुलाच्या घरी जो खोका आला असेल, त्याला तसं कुणालाच वाटलं नसेल. इतर पार्सलांसारखं पार्सल.

नियम टिकला तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तो आनंद थोडा आखडताच. एक तर 3डी प्रिंटर. टेक्सासातल्याच एका पोराने, कोडी विल्सनने, 2013 साली प्रिंट केलेलं पिस्तूल उडवून दाखवलं होतं, तेव्हा ते हास्यास्पद वाटलं असेल, आता प्रिंटर आमच्या मिडल स्कूलच्या लायब्ररीत आहे. घरी स्वतः छापणाऱ्याच्या मध्ये हा नियम येतच नाही, काउंटर असतं तिथे जिथे कुणीतरी विकत असतं. आणि दुसरं, शेजाऱ्याचं ते पेनचं बोलणं. जे एकाने पेनने लिहिलं ते दुसरा पेनने खोडू शकतो, आणि ट्रम्पने 7 फेब्रुवारी 2025 ला, म्हणजे निकालाच्या दीड महिना आधीच, ऑर्डर काढली की बायडेनच्या काळातले बंदुकांचे सगळे नियम परत तपासा. त्यामुळे झालं काय, की निकाल लागला तेव्हा खटल्यात सरकारच्या बाजूला नाव ट्रम्पच्या ॲटर्नी जनरल बॉन्डींचं, आणि टिकलेला नियम बायडेनचा. उद्या नियम बदलायला बसले तर कोर्ट अडवेलच असं नाही, कारण कोर्ट एवढंच म्हणालंय की असा अर्थ लावता येतो, लावलाच पाहिजे असं काही म्हटलेलं नाही. संसदेने केलेला कायदा असता तर मला गाढ झोप लागली असती. पण संसदेची वाट बघत 2021 पासून बसलो असतो तर अजून बसलेलोच असतो, हेही तितकंच खरं. म्हणून मी त्या पेनच्या बाजूने. कुरकुरत, पण बाजूने.

शेजाऱ्याशी यावर एकदाच सरळ बोलणं झालं. म्हणाला, मी काय गुंड आहे का, मला नंबर कशाला पाहिजे? मी म्हटलं, तू नाहीस, पण खोका कुणाकडे जातोय ते खोक्याला कुठे माहीत असतं. त्याला ते पटलं नाही, त्याने विषय बदलून ब्रिस्केट, म्हणजे बीफचा मोठा तुकडा, धुरावर किती तास ठेवायचं ते सांगितलं. माणूस लाख मोलाचा आहे, आमच्या पोराला त्याने ड्रिल प्रेस शिकवला, डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय बटणाला हात लावू देत नाही. बायकोने आधी त्याला विचारायला लावलं होतं की बंदुका कुठे असतात, कुलपात असतात का. इथल्या मराठी आया हल्ली मुलं खेळायला पाठवायच्या आधी हा प्रश्न बिनधास्त विचारतात, सुरुवातीला फार लाज वाटायची.

एडिसनला माझा कॉलेजचा मित्र आहे, मंदार. निकाल आला त्या आठवड्यात फोनवर म्हणाला, तुमच्या टेक्सासात चालतात रे ही नाटकं, आमच्या न्यू जर्सीत 2018 पासून कायदा आहे, बिननंबरी बंदूक बनवायला म्हणून नुसते पार्ट मागवलेस तरी आत जाशील, राष्ट्राध्यक्ष कुणी का असेना. मी म्हटलं वा, मग तुम्ही सेफ. तर जरा थांबून म्हणाला, "सेफ कसले, तासाभरावर पेनसिल्व्हेनिया, तिथे राज्याचा असा कायदाच नाही. आम्ही तिथल्या पोकोनोजच्या डोंगरात जातो ना दर उन्हाळ्यात, मधे नदीवर पूल लागतो. जाताना टोल घेतात. येताना तोही नाही."